सुकाणूचं चाक कुठून आलं? वाचकांचे प्रश्न : सतराव्या शतकातली लढाऊ जहाजं

गेल्या अंकात शिडांच्या जहाजांवर थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं बहुतेक सगळी एकाच शतकाबद्दलची निघाली, म्हणून या वेळचं सदर सतराव्या शतकातल्या लढाऊ जहाजांच्या मॉडेल्सना दिलं आहे. गोंद, वार्निश आणि हत्यारांच्या शंका पुढच्या अंकात घेईन.

प्रश्न : ताई, माझ्याकडे ‘वासा’ या स्वीडिश जहाजाचं जुनं लाकडी किट आहे. डब्यावरच्या चित्रात जहाजाचा वरचा भाग निळा आणि शिल्पं सोनेरी आहेत. मुलाने मोबाइलवर दाखवलेल्या फोटोत तोच भाग लाल दिसतो. कोणता रंग धरू?
– एक निवृत्त सुतारकाम शिक्षक

उत्तर : लाल धरा. डब्यावरचं चित्र त्या वेळच्या समजुतीप्रमाणे काढलेलं आहे. ‘वासा’ 10 ऑगस्ट 1628 रोजी स्टॉकहोमच्या बंदरातच बुडालं आणि 24 एप्रिल 1961 रोजी वर काढलं गेलं. तोवर ओकचं लाकूड काळं पडलं होतं आणि रंग नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हते. राजाचं जहाज म्हणजे निळं आणि सोनेरी असणार, असं तेव्हा मानलं गेलं. पुढे 1990च्या दशकात शिल्पांच्या खाचांमध्ये टिकलेले रंगाचे कण तपासले गेले आणि चित्रच पालटलं. पार्श्वभूमी लाल, आणि शिल्पं रंगीबेरंगी : माणसांच्या अंगाला अंगाचा रंग, कपड्यांना वेगवेगळे रंग, सोन्याचा मुलामा मोजक्या जागी. स्टॉकहोमच्या संग्रहालयातलं 1:10 प्रमाणातलं मॉडेल याच संशोधनानुसार रंगवलेलं आहे. त्याचे फोटो समोर ठेवा आणि डब्याचं झाकण कपाटात ठेवून द्या.

तुम्ही सुताराच्या नजरेने हे जहाज करणार आहात, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. ‘वासा’वर चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या होत्या आणि दोन अॅमस्टरडॅमच्या फुटाच्या. स्वीडिश फूट बारा इंचांचा, तर अॅमस्टरडॅमचा अकरा इंचांचा. खुद्द जहाजाचं मोजमाप घेतल्यावर दिसलं की त्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. तेव्हा या जहाजाच्या बाबतीत काटेकोर समतोल म्हणजेच अचूकता, असं समजू नका. किटचे सांगाडे डावी-उजवीकडे सारखेच कापलेले येतात, त्यांना मुद्दाम वाकडं करायला मी सांगणार नाही. पण बांधताना मिलिमीटरभर फरक पडला म्हणून पूर्ण चढवलेल्या फळ्या उखडून काढू नका.

तोफांच्या खिडक्यांची झाकणं उघडी दाखवा. त्यांच्या आतल्या बाजूला सिंहाची कोरलेली मुखं आहेत, झाकणं बंद ठेवली तर ती कोणालाच दिसणार नाहीत. शिडांबद्दल माझं स्पष्ट मत आहे. ‘वासा’कडे दहा शिडं होती. त्यातली चार उभारून जहाज निघालं आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन बुडालं. सहा शिडं कोठारातच घडी घातलेली सापडली. सगळी शिडं फुगलेलं ‘वासा’ कोणीही कधीच पाहिलेलं नाही. एक तर चार शिडं दाखवा, नाही तर एकही दाखवू नका.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बसायचं आहे. मी विमानांची मॉडेल्स करतो, जहाजांच्या बाबतीत नवखा आहे. सतराव्या शतकाच्या गटात बरीच जहाजं आहेत. ऐतिहासिक अचूकता कशी तपासायची? कोरीवकाम पाहिलं की मी भारावून जातो.
– एक नवे परीक्षक

उत्तर : म्हणूनच कोरीवकाम सगळ्यात शेवटी पाहा.

मॉडेल करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा : हे जहाज कोणत्या वर्षीचं आहे? ‘सतराव्या शतकातलं’ हे उत्तर पुरेसं नाही. मोठी जहाजं दोन-तीन दशकं चालत, आणि दर मोठ्या दुरुस्तीत तोफा, डोलकाठ्या, मागची सजावट बदलत असे. वर्ष ठरलेलं असलं की बाकीचं सगळं त्या वर्षाशी ताडून पाहता येतं. ठरलेलं नसलं की एकाच मॉडेलवर दोन-तीन काळ एकत्र नांदताना दिसतात.

मग खाली वाका आणि पाण्याखालचा भाग पाहा. प्रेक्षक तिथे बघत नाहीत, पण जहाज कोणत्या देशाचं हे तिथेच कळतं. इंग्रज बांधणीत शतकाच्या मध्यापासून मागच्या बाजूच्या फळ्या गोलाईने वळत सुकाणूच्या खांबापर्यंत येतात. डच जहाजाला त्याच जागी सपाट उभा पाट असतो. डचांची बंदरं उथळ, त्यामुळे त्यांच्या जहाजांचा तळही रुंद आणि सपाट. डच सेनापती डी रॉयटरचं ‘द झेव्हन प्रोव्हिन्सियन’ म्हणून कोणी गोल पाठीचं जहाज मांडलं असेल, तर ते इंग्रज जहाज आहे, पाटी काहीही असो. तळाला तांब्याचे पत्रे असतील तर तिथेच थांबा. ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान लढाऊ जहाजावर, तांब्याचा प्रयोग केला तो 1761 साली. सतराव्या शतकातला तळ राळ, गंधक, तेल, डांबर अशा लेपांचा, म्हणजे पांढुरका नाही तर काळपट.

त्यानंतर बाजूने पाहा. जहाजाच्या अंगावर पुढून मागे जाणाऱ्या जाड आडव्या फळ्या असतात, त्यांना वेल म्हणतात. या शतकात वेल टोकांकडे बऱ्याच वर उचललेल्या असत, आतले डेक मात्र तितके उचललेले नसत. तोफा डेकवर उभ्या, त्यामुळे त्यांच्या खिडक्या डेकच्या रेषेत जातात आणि मध्येच वेल कापून जातात. व्हॅन डी व्हेल्डे या डच चित्रकार बापलेकांची रेखाटनं पाहिलीत तर हे लगेच लक्षात येईल. थोरला तर होडी घेऊन लढाईच्या जवळ जाऊन जहाजं चितारत असे. स्वस्त किटमध्ये मात्र सगळ्या खिडक्या दोन वेलींच्या मधोमध ओळीने बसवलेल्या असतात. वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या खिडक्या एकीवर एक आल्या असतील तर तीही शंकेची जागा. त्या आलटून-पालटून असायच्या, म्हणजे भार आणि कापलेलं लाकूड एकाच रेषेत येत नसे.

आता डेकवर या. सुकाणूचं चाक दिसलं? सतराव्या शतकाच्या जहाजावर ते चालणार नाही. चाक आलं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी सुकाणूच्या दांड्याला जोडलेला एक उभा दांडा डेकमधून वर येत असे आणि खलाशी खालच्या मजल्यावर उभा राहून तो डावी-उजवीकडे ढकलत असे. म्हणजे बरोबर केलेल्या मॉडेलच्या डेकवर सुकाणूचं काहीच दिसणार नाही, आणि हे ‘न दिसणं’ गुण देण्याजोगं आहे.

पुढच्या टोकाला बाहेर झुकलेल्या काठीच्या शेंड्यावर एक छोटी उभी डोलकाठी असते. मोठ्या जहाजावर ती हवीच. तिच्याऐवजी तिथे तिकोनी जिब शिडं ताणलेली असतील, तर मोठ्या इंग्रज जहाजांत ही पद्धत साधारण 1705 नंतरची. झेंडा पाहायला क्षणही पुरतो : 1707 पूर्वीच्या इंग्रज झेंड्याच्या कोपऱ्यात फक्त सेंट जॉर्जचा लाल क्रूस असतो, युनियन, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडचे एकत्र क्रूस, नाही.

शेवटी कॅलिपर काढा आणि दोर मोजा. जुन्या इंग्रज तक्त्यांत दोराचं माप घेराचं असतं, व्यासाचं नाही. मुख्य डोलकाठीचा पुढचा दोर 18 इंच लिहिला असेल तर त्याचा व्यास भरतो सुमारे 14.5 सेंटिमीटर. 1:48 प्रमाणात तो 3 मिलिमीटर. कोणी तक्ता व्यास समजून वाचला तर दोर तिप्पट जाड होतो, आणि असं जहाज दुरूनही जडशीळ दिसतं. उलट चूकही होते : सगळीकडे एकाच रिळाचं सूत. खऱ्या जहाजावर जाड-बारीक दोरांच्या कितीतरी पायऱ्या असत. डोलकाठ्या धरून ठेवणाऱ्या दोरांना डांबर लावत, म्हणून ते गडद. हे लाकडाचं डांबर, त्याची छटा काळपट तपकिरी. शिडं ओढायचे दोर फिकट.

मी स्वतः अचूकतेचे निम्मे गुण नुसत्या सांगाड्याच्या आकाराला देते. रंग चुकला तर पुन्हा रंगवता येतो, दोर बदलता येतो, पण चुकीच्या आकारावर केलेलं सगळं काम वाया जातं. आणि प्रत्येक मॉडेलपाशी निदान एका भागावर बोट ठेवून विचारा : हे कशावरून? ‘किटमध्ये होतं’ असं म्हणणारा आणि ‘त्याच बंदरात त्याच दशकात बांधलेल्या दुसऱ्या जहाजावरून घेतलं’ असं म्हणणारा, दोघांची बोटं सारखीच कुशल असतील, पण अचूकतेच्या गटात ते एका पायरीवर नाहीत.

प्रश्न : तोफांच्या मजल्यावर आतून लाल रंग देतात, तो रक्त दिसू नये म्हणून, असं ऐकलं आहे. ते खरं का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी

उत्तर : ही दंतकथा आहे. लाल गेरू हा स्वस्त, टिकाऊ आणि सगळीकडे मिळणारा रंग होता, तेवढंच कारण. मॉडेलवर तो द्यायचा तर चकचकीत शेंदरी देऊ नका. मातकट, बिनचमकीचा द्या.

प्रश्न : मला ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ करायचं आहे. तीन कंपन्यांची किट्स पाहिली. तिन्हींचा आकार वेगळा, एकीचं जहाज तर दुसरीपेक्षा चांगलंच अरुंद. खरं कोणतं?
– एक इंजिनिअर

उत्तर : हे जहाज 1637 साली इंग्लंडमधल्या वुलिच इथे पाण्यात उतरलं. फिनियस पेटच्या देखरेखीखाली त्याच्या मुलाने, पीटर पेटने ते बांधलं. शंभराच्या वर तोफा, तीन मजले. राजा पहिल्या चार्ल्सने त्यावर इतका खर्च केला की ते त्याच्या वादग्रस्त जहाजपट्टीचं, म्हणजे आरमारासाठी बसवलेल्या कराचं, प्रतीक होऊन बसलं. हाती काय आहे ते नीट मांडून ठेवा. जॉन पेनचं कोरीव मुद्रण आहे, पण ते फक्त एका बाजूचं. ग्रिनिचच्या संग्रहालयात पीटर पेटचं एक चित्र आहे, त्यात त्याच्यामागे जहाजाची मागची बाजू दिसते. सजावट समजावून सांगणारं 1637 सालचं एक छापील वर्णन आहे. आणि मोजमापं आहेत : पठाणाची, म्हणजे जहाजाच्या तळाच्या मुख्य तुळईची, लांबी 127 फूट, रुंदी 46 फूट 6 इंच.

तुम्ही इंजिनिअर आहात, तेव्हा सुरुवात या दोन आकड्यांपासून करा. लांबी भागिले रुंदी, 2.73. तिन्ही किटचे नकाशे मागवा, पठाण मोजा, रुंदी मोजा आणि भागाकार काढा. यासाठी किटचं प्रमाण काय छापलंय याची गरजच नाही. जे 2.73च्या जवळ येईल तेच टेबलावर ठेवा. त्यानंतर पेनच्या चित्रातल्या वेल आणि खिडक्यांशी ताडून पाहा.

सजावटीत काळा आणि सोनेरी हेच दोन रंग. कडेला निळ्या पट्ट्या असलेलं ‘सॉव्हरिन’ मला पटत नाही. पण त्याहून मोठी चूक वर्षाची होते. 1651 साली या जहाजाचा वरचा भाग उतरवला आणि 1660च्या सुमारास त्याची पुनर्बांधणी झाली. पेनचं चित्र त्यापूर्वीचं आहे. त्या चित्रातली सजावट आणि 1660 नंतरची शिडं एकाच जहाजावर नकोत.

प्रश्न : ताई, वर्षभर खपून ‘सोलेय रॉयाल’चं 1:100 प्रमाणातलं प्लॅस्टिक किट पूर्ण करत आणलं आहे. आता एक मित्र म्हणतो की ते जहाज असं नव्हतंच. सगळं फुकट गेलं का?
– एक बँक कर्मचारी

उत्तर : फुकट काहीच गेलेलं नाही. पण मित्राचं म्हणणं कुठून आलं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं काम ठरवता येईल.

‘सोलेय रॉयाल’ 1669 साली फ्रान्समधल्या ब्रेस्टला पाण्यात उतरलं, 1689च्या सुमारास त्याची मोठी डागडुजी आणि नवी सजावट झाली, आणि 1692 साली बार्फ्लरच्या लढाईनंतर शेरबूरजवळ इंग्रजांच्या आगनौकेने ते जाळलं. तुमच्या किटचा आधार आहे पॅरिसच्या नौदल संग्रहालयातलं एक मॉडेल, तानरॉं या कारागिराने एकोणिसाव्या शतकात केलेलं. म्हणजे जहाज जळून गेल्यावर जवळजवळ दीडशे वर्षांनी. तानरॉंची कारागिरी फार उंचीची आहे, मला त्या मॉडेलबद्दल आदर आहे. पण जहाज त्याने पाहिलेलं नव्हतं. किट हे मॉडेलचं मॉडेल आहे. त्यामुळे त्यातली प्रत्येक गोष्ट 1689ची साक्ष म्हणून वापरता येत नाही.

मागच्या सजावटीच्या बाबतीत तुमचा पाया बरा आहे. राजदरबाराचा कलाकार ज्यां बेरां याने या जहाजासाठी काढलेली रेखाटनं उपलब्ध आहेत. ती शेजारी ठेवा आणि मागच्या भागाचा एकेक पुतळा ताडून पाहा. मॉडेल 1669चं नव्हे, 1689 नंतरचं म्हणून मांडा, कारण बेरांची रेखाटनं त्या काळातली आहेत. किटमधला दोरा टाकून द्या आणि तीन-चार पदरांचे वेगवेगळ्या जाडीचे दोर स्वतः वळा. श्राउड, म्हणजे डोलकाठीला बाजूंनी धरणारे दोर, ताणायला तीन भोकांचे लाकडी ठोकळे असतात, ते किटमध्ये जाड आणि बोजड येतात. लाकडाचे नवे करून बसवा. झेंडा पांढरा ठेवा, चौदाव्या लुईच्या आरमाराचा झेंडा तोच होता. निळा-पांढरा-लाल तिरंगा क्रांतीनंतरचा, म्हणजे शंभर वर्षं उशिराचा.

एवढं केल्यावर पाटीवर लिहा : ‘सोलेय रॉयाल, 1689 नंतरच्या रूपात, तानरॉंच्या मॉडेलवर आधारित किट, सजावट बेरांच्या रेखाटनांशी ताडून.’ असं मॉडेल माझ्यासमोर आलं तर मी ते आनंदाने तपासेन.

प्रश्न : संग्रहालयातल्या जुन्या इंग्रज मॉडेल्सच्या फोटोंत खालच्या भागाला फळ्याच नसतात, नुसत्या बरगड्या आणि मध्ये रिकामी जागा. खरी जहाजं अशीच असत का? मी तसंच करावं का?
– एक आर्किटेक्ट

उत्तर : तुम्ही पाहिलेली ती नेव्ही बोर्ड मॉडेल्स. नेव्ही बोर्ड म्हणजे इंग्रज आरमाराच्या जहाजांचा कारभार पाहणारं मंडळ. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, जहाजं पाण्यावर असतानाच केलेली ही मॉडेल्स म्हणजे आपल्या छंदाचा सगळ्यात मोठा ठेवा. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये 1670च्या ‘प्रिन्स’चं मॉडेल आहे, ग्रिनिचला ‘सेंट मायकेल’चं, अमेरिकेत अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतही मोठा संग्रह आहे. बरीचशी 1:48 प्रमाणात आहेत, म्हणजे फुटाला पाव इंच.

बरगड्यांची ती सुबक रचना मात्र मॉडेल करणाऱ्यांची पद्धत आहे. खऱ्या जहाजात लाकडं एकमेकांना जवळजवळ चिकटून, सांधे चुकवत रचलेली असत आणि मध्ये फट फार थोडी राही. तुम्हाला ती रचना आवडत असेल तर जरूर करा, ती स्वतःच एक मोठी परंपरा आहे. फक्त पाटीवर ‘नेव्ही बोर्ड शैलीत’ असं लिहा, ‘जहाजाची बांधणी’ असं लिहू नका. बांधणी दाखवायची असेल तर फ्रान्समध्ये 1670च्या सुमारास तयार केलेला, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या नावाचा आल्बम पाहा. त्यात पठाण टाकण्यापासून जहाज पुरं होईपर्यंतचे टप्पे पानागणिक चितारलेले आहेत. आकार आखायचा असेल तर इंग्रज जहाजबांधणीकार अँथनी डीनने 1670 साली लिहिलेलं हस्तलिखित आहे. कंपासने कमानी काढून सांगाड्याचा आकार कसा ठरवायचा, हे त्याने पायरी-पायरीने सांगितलं आहे. आर्किटेक्टला ते वाचायला फारच आनंद होईल.

एक सावधगिरी. या मॉडेल्सचा सांगाडा आणि कोरीवकाम विश्वासाने पाहा, पण दोरखंड बऱ्याच ठिकाणी नंतरच्या दुरुस्तीत नव्याने लावलेला असतो. दोर कोणत्या काळातला आहे हे कळल्याशिवाय त्यावरून नक्कल करू नका.

प्रश्न : डेकवरच्या फळ्यांना लाकडी खिळे दाखवायला काळे ठिपके दिले तर चालतील का? फळ्या एकसंध लावल्या तर?
– एक वाचक

उत्तर : दोन्ही नको. लाकडी खिळा साधारण साडेतीन सेंटिमीटर जाडीचा असतो, 1:75 प्रमाणात अर्धा मिलिमीटरही भरत नाही. तो लाकडाच्याच रंगाचा, काळा नाही. एवढा बारीक जमत नसेल तर खिळे दाखवूच नका. फळी झाडाच्या लांबीपेक्षा मोठी असू शकत नाही. खरी फळी सात-साडेसात मीटरची धरली तर 1:75ला दहा सेंटिमीटरचा तुकडा, आणि शेजारच्या फळ्यांचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. फटींसाठी फळीच्या कडेवरून मऊ पेन्सिल फिरवली की पुरे.

प्रश्न : ताई, मी दहावीत आहे. मला शिवरायांच्या आरमारातली गुराब बनवायची आहे. सर म्हणतात, नकाशे मिळत नाहीत, मनानेच कर. पण मग ते अचूक कसं होईल?
– तुमचा एक छोटा वाचक

उत्तर : तुझा प्रश्न या महिन्यातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न आहे, म्हणून त्याला जागाही जास्त देते.

बांधणीचे नकाशे नाहीत, हे सर म्हणतात ते बरोबर. आपले कारागीर नजरेने आणि हाताच्या मापाने जहाज उभं करत, कागदावर नाही. पण नकाशा नाही म्हणजे पुरावाच नाही, असं नसतं. ‘वासा’ सोडलं तर युरोपातल्या बहुतेक जहाजांबाबतही मॉडेल करणारे वर्णनं, चित्रं आणि मोजमापं जुळवूनच काम करतात. तुलाही तेच करायचं आहे.

तुझा मुख्य आधार आहे रॉबर्ट ऑर्म. ईस्ट इंडिया कंपनीच्या या इतिहासकाराने 1763 साली छापलेल्या ग्रंथात आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबा आणि गलबतं यांचं तपशीलवार वर्णन केलं आहे. तो म्हणतो की गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असतात, काहींना तीन. तीन डोलकाठ्यांची सुमारे 300 टनांची, दोन डोलकाठ्यांची 150 टनांपेक्षा मोठी नाही. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, मधून टोकाकडे निमुळती होत जाणारी, आणि पाण्यात कमी बुडणारी. पुढच्या बाजूला युरोपीय जहाजासारखी फुगीर नाळ नाही. तिथे लांब चोच पुढे आलेली आहे, तिच्यावर भक्कम डेक आहे, आणि हा डेक मुख्य डेकपासून एका आडव्या भिंतीने वेगळा केलेला आहे. त्या भिंतीतल्या खिडक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी (म्हणजे तितक्या पौंडांचा गोळा टाकणाऱ्या) दोन तोफा समोर रोखलेल्या असतात आणि चोचीवरून गोळे टाकतात. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. गलबत याच घाटाचं पण छोटं, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, एक मोठं तिकोनी शीड असलेलं.

आता ‘कशावरून’ हा प्रश्न स्वतःला विचार. ऑर्मचं वर्णन अठराव्या शतकाच्या मध्याचं आहे, तुझी गुराब 1670-80ची. मधे सत्तर-ऐंशी वर्षं आहेत. ती भरून काढायला खांदेरीची लढाई बघ. 1679 साली मराठ्यांनी खांदेरी बेटावर तट घालायला सुरुवात केली, इंग्रजांनी ते अडवायचा प्रयत्न केला, आणि ऑक्टोबरमधल्या लढाईत इंग्रजांचं ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. इंग्रजांचा त्या वेळचा पत्रव्यवहार छापलेला आहे. त्यांचा पहारा चुकवून आपल्या लहान होड्या बेटावर सामान पोचवत होत्या, हे त्यांचेच लोक लिहितात. उथळ पाण्यात सफाईने फिरणारी, वल्ह्यांवर वाऱ्याविरुद्धही जाणारी जहाजं, हे ऑर्मच्या वर्णनाशी जुळतं. म्हणून कमी बुडणारा तळ आणि निमुळतं टोक तू विश्वासाने घे.

जे कुठेच सांगितलेलं नाही ते साधं ठेव. मागच्या बाजूला इंग्रज जहाजासारख्या नक्षीदार गॅलऱ्या, सोनेरी पुतळे, सिंहाचं तोंड, यातलं काही लावू नकोस. ते सुंदर दिसेल, पण त्याला आधार नाही. प्रदर्शनांत गुराबेच्या नावाखाली मी सगळ्यात जास्त पाहते ते म्हणजे युरोपीय फ्रिगेटवर भगवा झेंडा. त्याने आपल्या कारागिरांचं मोठं काम झाकलं जातं. त्यांनी आपल्या किनाऱ्याला जुळेल अशी वेगळी चोच, वेगळा तळ घडवला होता, तोच तर दाखवायचा आहे.

प्रमाण 1:48 घे, म्हणजे पाच फूट सात इंचांचा माणूस साडेतीन सेंटिमीटरचा होतो. एक माणूस पुठ्ठ्याचा कापून सतत जवळ ठेव. तोफेमागे तो उभा राहतो का, कठड्यावरून त्याला समोर दिसतं का, वल्हं मारायला त्याला जागा आहे का, हे त्याला ठेवूनच कळेल. लाकूड बारीक पोताचं घेऊन त्याला सागाचा रंग दे. खऱ्या सागाच्या रेषा या मापाला फार मोठ्या दिसतात. शीड सुती, पातळ, न फुगवता परबाणाला, म्हणजे शीड बांधायच्या काठीला, गुंडाळलेलं ठेव. गुंडाळलेलं शीड आकाराच्या वादात पडत नाही आणि डेकवरचं सगळं काम दिसतं.

मग एक कार्ड कर आणि त्यावर तीन रंगांनी खुणा कर : ऑर्मने सांगितलेलं, खांदेरीच्या पत्रांवरून काढलेलं, आणि तू स्वतः ठरवलेलं. तिसऱ्या रंगाच्या खुणा असायला काही हरकत नाही, त्या ठळक दिसल्या म्हणजे झालं. सरांनाही तेच कार्ड दाखव.

बांधायला घेतलंस की फोटो पाठव. मी सगळ्यात आधी चोचीवरचा डेक बघणार आहे. समोरच्या लाटा त्यावर आपटून पाणी तसंच वाहून जावं म्हणून तो उघडा ठेवत, असं ऑर्मने लिहिलं आहे, तेव्हा तिथे कठडा घालू नकोस.